‘१०८’ला फोन कोण करणार?

ठाकुर्लीच्या नव्वद फुटी रस्त्यावर संध्याकाळी गिटार घेऊन बसणाऱ्या एखाद्या मुलाला ‘ॲलिस इन चेन्स’ हे नाव ठाऊक असते. माइक स्टार हे नाव बहुधा नसते. बेस गिटार वाजवणाऱ्याकडे तसेही कोण पाहतो! सिएटल शहरात १९८७ साली जमलेल्या या ग्रंज बँडचा तो पहिला बेसवादक. ‘फेसलिफ्ट’ आणि ‘डर्ट’ हे दोन अल्बम गाजले आणि १९९३च्या सुरुवातीला तो बँडमधून बाहेर पडला. तोवर हेरॉइनने त्याला धरले होते.

४ एप्रिल २००२. माइकचा छत्तिसावा वाढदिवस. तो बँडचा गायक लेन स्टेली याच्या घरी गेला. लेन अत्यंत आजारी होता. रुग्णवाहिका बोलावतो, असे माइक म्हणाला, तेव्हा लेनने दोस्ती तोडण्याची धमकी दिली. माइक स्वतः गोळ्यांच्या नशेत होता. चिडून निघून गेला. लेन दुसऱ्या दिवशी गेला असावा, असे मानले जाते. मृतदेह मिळाला दोन आठवड्यांनी. माइकने हे ओझे पुढे टीव्हीवरच्या व्यसनमुक्तीच्या कार्यक्रमात लेनच्या आईसमोर उतरवले. तिने त्याला दोष दिला नाही. तरीही ८ मार्च २०११ रोजी माइकही गेला, वयाच्या ४४व्या वर्षी.

फोन केला असता तर लेन वाचला असता का, हे कोणीच सांगू शकत नाही. पण गर्दच्या जास्त मात्रेने माणूस बहुधा एका क्षणात मरत नाही. मेंदूतले श्वासाचे केंद्र मंदावते, घोरल्यासारखा आवाज येतो, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, ओठ आणि नखे निळी पडतात. सोबतच्यांना वाटते, झोपलाय. ही वेळ हाताशी असते. नॅलोक्सोनचे इंजेक्शन काही मिनिटांत श्वास परत आणते. मात्र त्याचा परिणाम तास-दीड तासात ओसरतो आणि रुग्ण पुन्हा गुंगीत जाऊ शकतो, म्हणून शुद्धीवर आला तरी रुग्णालय टळत नाही. व्यसन सोडून काही महिने झालेल्याला तर धोका अधिक. शरीराची सवय मोडलेली असते आणि हात जुनीच मात्रा उचलतो.

मग फोन का होत नाही? पोलिसांची भीती. दुसरे काय? अमेरिकेत न्यू मेक्सिकोने २००७ साली आणि माइकच्या वॉशिंग्टन राज्याने २०१० साली, मदत बोलावणाऱ्याला अंमली पदार्थ बाळगल्याच्या खटल्यातून संरक्षण दिले. आपल्या १९८५च्या एनडीपीएस कायद्यात कलम ६४अ आहे. पण ते स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनींसाठी. बेशुद्ध मित्राला रिक्षात घालून आणणाऱ्या, खिशात पुडी असलेल्या मुलाला ते काय कामाचे? रस्त्यावरच्या अपघातात मदत करणाऱ्याला कायद्याने अभय दिले, ते योग्यच झाले. तेच इथे का नको?

कायदा बदलेपर्यंत घरच्यांनी आणि मित्रांनी एवढे करावे : थंड पाणी ओतू नये, मिठाचे पाणी पाजू नये. कुशीवर वळवावे, श्वासावर लक्ष ठेवावे, १०८ लावावा आणि काय घेतले ते डॉक्टरांना खरे सांगावे. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ ही सरकारी हेल्पलाइन मोफत आहे. आणि मित्र ‘फोन केलास तर दोस्ती संपली’ म्हणाला, तरी फोन करावा.