उंबरा नसलेल्या खोल्या

मला गाता येत नाही. शिबिरात चळवळीची गाणी सुरू झाली की मी टाळ्या वाजवणाऱ्यांत असते. पण गाणं मनात घेऊन फिरायची खोड जुनी आहे. भोसरीहून चाकणला जाताना मोशीच्या पुढे ट्रकांची रांग लागते, बस जागची हलत नाही, तेव्हा हटकून ‘उंबरठा’तली सुरेश भटांची गझल सुरू होते. लताबाईंचा आवाज, हृदयनाथांची चाल, आणि डोळ्यांपुढे स्मिता पाटील.

जब्बार पटेलांचा हा चित्रपट १९८२चा, माझ्या जन्माच्याही आधीचा. एम.एस.डब्ल्यू.ला असताना आम्हाला तो दाखवला होता. सुलभा महाजन आमच्यातलीच होती ना! समाजकार्य शिकलेली, घरदार आणि लहान मुलगी मागे ठेवून महिलाश्रमाची अधीक्षक म्हणून परगावी जाणारी. चित्रपट संपल्यावर आम्ही सगळ्या भारावून गेलो होतो. बाईने उंबरठा ओलांडला, बस्स! आमच्यासाठी गोष्ट तिथे पूर्ण झाली होती.

गेल्या हिवाळ्यात चाकणजवळच्या एका वस्तीत आम्ही तो पुन्हा पाहिला. पत्र्याची खोली, भिंतीवर चादर, चौदा-पंधरा बायका. बहुतेकजणी मराठवाड्यातून आलेल्या, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांत ठेकेदाराकडे कामाला. एक-दोघी पहिल्या पाळीहून थेट आल्या होत्या, त्या मध्येच पेंगत होत्या. शेवटी मी शिकल्याप्रमाणे प्रश्न टाकला, “हिने उंबरठा ओलांडला म्हणजे काय केलं?”

जरा वेळ कुणी बोललं नाही. मग एकजण म्हणाली, “ताई, आमच्या खोलीला उंबराच नाही. घरमालकानं पाणी आत येऊ नये म्हणून शिमिटाची पट्टी मारलीय, तेवढीच.”

सगळ्या हसल्या. मीही हसले, पण पुढचा प्रश्न विसरले.

मग त्यांनीच विचारायला सुरुवात केली. हिचा पगार किती? तो कुणाच्या हातात पडायचा? पोरगी जावेकडं राहिली, ते जावेला कुणी विचारलं का? आणि सुलभा परत आल्यावर नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई असल्याचं तिला कळतं, त्यावर कुणालाच धक्का बसला नाही. एक मावशी एवढंच म्हणाल्या, “कामावर जाणं सोपं हाय बाई. कामावरून येणं अवघड.”

मला वाटतं, आपण कार्यकर्त्या या बाबतीत कमी पडलो. बाई घराबाहेर पडली की आपण टाळ्या वाजवतो (माझ्यासारख्या तर नक्कीच!). पण पाळी सुटल्यावर खोलीचं दार उघडून आत शिरतानाचा जो क्षण असतो, त्याबद्दल आपल्या बैठकांत कितीदा बोलतो? नोंदवहीत त्यासाठी रकाना नाही.

स्मिताच्या अभिनयाबद्दल बोलायचं तर, सुलभा फार रडत नाही. आश्रमातल्या बायका, कमिटीचे लोक, चौकशी, सगळं ती ऐकून घेते आणि आपल्याला दिसते फक्त तिची नजर. आम्हाला समुपदेशनाच्या तासाला शिकवलेलं ऐकणं याच्यापुढे फारच फिकं. त्याआधी १९७७च्या ‘भूमिका’त तिने हंसा वाडकरांच्या ‘सांगत्ये ऐका’वर बेतलेली नटी उभी केली. कॅमेऱ्यापुढे हसायचं, आणि घरी परत तेच भोग. पडद्यावर मला ते लगेच कळलं. समोर बसलेल्या बाईच्या बाबतीत कळलं नाही.

आमच्या गटात एक होती, नाव सांगत नाही. सुपरवायझरची नक्कल अशी करायची की बायका पोट धरून हसायच्या. मी तिला “तुझ्यासारख्या खमक्या बाईची काळजीच नाही” म्हणायचे, डायरीत तिच्या नावापुढे ‘ठीक’ लिहायचे. एका महिन्यात ती दोनदा आली नाही. तिसऱ्यांदा गेले तर खोलीला कुलूप. शेजारणीने सांगितलं, हात मोडला होता, भाऊ येऊन गावी घेऊन गेला. “तुम्हाला माहीत नव्हतं?” शेजारणीने सहज विचारलं. ती नक्कल करताना ओढणी नेहमी मनगटापर्यंत ओढून घ्यायची, हे मला परतीच्या बसमध्ये आठवलं.

म्हणून परवा आमच्या अहवालात चित्रपट आणि गाण्यांचा खर्च ‘करमणूक’ म्हणून कापायचं ठरलं, तेव्हा मी भांडले. अर्ज भरून घेताना बायका विचारलं तेवढंच सांगतात. गाताना जास्त सांगतात. याच पुणे जिल्ह्यात, मुळशी-मावळात, हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी बायकांसोबत जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या आणि तो संग्रह एक लाखाच्या पुढे गेला. नवरा, सासू, भाऊ, पोटची लेक, जे कुणापुढे बोलता येत नाही ते बायकांनी जात्याला सांगितलं होतं. चाकणच्या पत्र्याच्या खोलीत जातं कुठून येणार? पण बसायला दोन तास तर देता येतील.

खर्च निम्मा मंजूर झाला. चादर आमचीच आहे, भाडं फक्त स्पीकरचं. या महिन्यात मावशींनी आधीच बजावलंय, आधी ओव्या, मग तुमचा पिक्चर. आणि त्या गावी गेलेल्या बाईच्या भावाचा नंबर शेजारणीकडून मिळालाय. दोनदा लावला, उचलला नाही. रविवारी पुन्हा लावते.