माजी विद्यार्थिनींचे मेळावे आणि अपुऱ्या प्रबंधांची नोंद

विद्यापीठांतून माजी विद्यार्थिनींचे मेळावे भरविण्याची प्रथा आता चांगलीच रुळली आहे. या मेळाव्यांच्या कार्यक्रमपत्रिका शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या, तर त्यांची घडण बहुधा एकच असल्याचे आढळते. सकाळी उद्घाटन व सत्कार, पाठोपाठ स्त्रियांच्या संशोधनकार्यावर परिसंवाद, भोजनोत्तर एखाद्या स्त्रीरोगतज्ज्ञांचे आरोग्यविषयक व्याख्यान आणि दिवस कलताना 'स्त्री आणि नेतृत्व' या विषयावर अधिकारपदी पोहोचलेल्या दोघीतिघींची मनोगते. विद्वत्ता, आरोग्य आणि नेतृत्व या तीन गोष्टींना तीन स्वतंत्र दालने मिळतात. एका दालनातील माणसांना दुसऱ्या दालनात काय बोलले गेले याची फारशी गरज भासत नाही. ही विभागणी सोयीची असली तरी ती वस्तुस्थितीला धरून नाही, असे आमचे मत आहे. ती मोडण्याचे काम मराठी विभागाने अंगावर घ्यावे, असेही वाटते; कारण या तीन गोष्टी एकाच आयुष्यात कशा गुंतलेल्या असतात याचा सर्वांत भरघोस पुरावा मराठी स्त्रियांच्या चरित्र-आत्मचरित्रपर लेखनात साठलेला आहे आणि तो वाचण्याचे शिक्षण देणे हे आपलेच काम आहे.

आनंदीबाई जोशी यांचे उदाहरण सर्वपरिचित आहे; पण ते बहुधा 'पहिली स्त्री डॉक्टर' या बिरुदाशीच थांबते. वयाच्या चौदाव्या वर्षी झालेले मूल अवघ्या दहा दिवसांत दगावले, तेथून त्यांच्या वैद्यकीय शिक्षणाच्या निश्चयाला प्रारंभ होतो. १८८३ मध्ये त्या अमेरिकेस गेल्या. १८८६ च्या मार्च महिन्यात फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी त्यांना मिळाली. पदवीसाठी लिहिलेल्या प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. म्हणजे जे स्वतःच्या देहावर गुदरले त्याचाच त्यांनी अभ्यासविषय केला, आणि त्यासाठी प्राचीन ग्रंथांकडे वळल्या. कोल्हापूरच्या रुग्णालयातील स्त्रीविभागाचे प्रमुखपद त्यांची वाट पाहत होते. ते हाती येण्यापूर्वीच, १८८७ च्या फेब्रुवारीत, क्षयाने त्यांचा अंत झाला. वयाची बावीस वर्षेही तेव्हा पुरी झालेली नव्हती. विद्वत्ता, आरोग्य आणि नेतृत्व ही तीन सत्रे या आयुष्यातून वेगळी कशी काढावयाची? ज्या काशीबाई कानिटकरांनी त्यांचे मराठी चरित्र सिद्ध केले, त्या स्वतः कोणत्याही शाळेत गेलेल्या नव्हत्या. त्यांचे शिक्षण घरातच, बरेचसे विरोध सोसून झाले. पत्रव्यवहार मिळवून, तो लावून त्याच्या आधारे चरित्र उभे करणे हे संशोधनच होय. मात्र आपल्या माजी विद्यार्थिनींच्या कल्पनेत काशीबाईंना जागा नाही, कारण त्यांचे नाव कोणत्याही हजेरीपटावर नाही.

हजेरीपटावर ज्यांची नावे आहेत, त्यांचे काय होते? धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ स्थापिले, ते मातृभाषेतून शिक्षण आणि स्त्रीजीवनाला उपयुक्त असे विषय या दोन सूत्रांवर. या अभ्यासक्रमावर 'स्त्रीला पुन्हा घरातच बसविणारा' अशी टीका झाली आणि ती सर्वस्वी अनाठायी नव्हती. पण मराठीतून उच्च शिक्षण घेतलेल्या स्त्रियांची पहिली पिढी याच विद्यापीठाने दिली, हेही नाकारता येत नाही. त्या पिढीतील बाळूताई खरे यांचा आलेख पाहण्याजोगा आहे. अलंकारशास्त्र आणि हिंदू व्यवहारधर्म यांवर त्यांनी अभ्यासपूर्ण लेखन केले. १९३३ मध्ये विभावरी शिरूरकर या टोपणनावाने 'कळ्यांचे निःश्वास' प्रसिद्ध होताच केवढे वादळ उठले, ते वाङ्मयेतिहासात नमूद आहे. त्या कथा शिकलेल्या, मिळवत्या, अविवाहित मुलींच्या कोंडमाऱ्याच्या आहेत. आजच्या भाषेत ज्याला मानसिक आरोग्य म्हणतात, त्याचे पदवीधर स्त्रीच्या अनुभवातून आलेले हे मराठीतील एक आरंभीचे साक्षीपत्र होय. पुढे मालतीबाई बेडेकर या नावाने त्या वावरल्या, सोलापूरच्या वसाहतीत अधिकारी म्हणून काम केले, त्या अनुभवातून 'बळी' लिहिली आणि १९८१ मध्ये मुंबईच्या समांतर साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले.

येथे एक व्यावहारिक बाब सांगितली पाहिजे. खरे, शिरूरकर आणि बेडेकर ही तीन नावे एकाच व्यक्तीची आहेत हे आपण जाणतो, कारण ती व्यक्ती प्रसिद्ध झाली. सामान्य विद्यार्थिनीचे तसे नाही. प्रवेशाच्या वेळी एक आडनाव, पदवीच्या वेळी कदाचित दुसरे, आणि एखादा लेख प्रसिद्ध झालाच तर तो तिसऱ्याच नावाने. ग्रंथालयाच्या तालिकेत या तिघी एकमेकींना कधीच भेटत नाहीत. मेळाव्याची निमंत्रणे 'पत्ता सापडत नाही' म्हणून परत येतात, त्यातली कितीतरी खरे पाहता 'नाव सापडत नाही' म्हणून परत आलेली असतात.

देहाने अडविलेल्या विद्वत्तेचे दुसरे ठळक उदाहरण दुर्गाबाई भागवतांचे. मध्य भारतातील आदिवासी भागात संशोधनासाठी हिंडत असताना त्यांना विषबाधा झाली आणि उमेदीची काही वर्षे दुखण्यात गेली. डॉक्टरेट हाती आली नाही. आज एखाद्या विद्यापीठाच्या 'पीएच. डी. प्राप्त माजी विद्यार्थिनी' या यादीत दुर्गाबाईंचे नाव शोधू गेल्यास ते मिळावयाचे नाही. तरीही लोकसाहित्य, समाजशास्त्र आणि ललितनिबंध या तिन्ही क्षेत्रांत त्यांचे ऋण न मानता पुढे जाणे अभ्यासकाला शक्य नाही. १९७५ मध्ये कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून त्यांनी आणीबाणीच्या विरोधात जी भूमिका घेतली आणि पुढे तुरुंगवास पत्करला, त्यापेक्षा निराळे असे नेतृत्वाचे कोणते उदाहरण आपण विद्यार्थिनींसमोर ठेवणार आहोत? नेतृत्व म्हणजे पद, हे समीकरण आपल्या मेळाव्यांनी फार लवकर स्वीकारले. पदांचाच हिशेब करावयाचा तर तोही फार उत्साहवर्धक नाही. १८७८ मध्ये सुरू झालेल्या साहित्य संमेलनाला पहिली स्त्री अध्यक्ष, कुसुमावती देशपांडे, लाभल्या त्या १९६१ मध्ये. आणि २०२५ मध्ये दिल्लीत भरलेल्या ९८ व्या संमेलनाच्या अध्यक्ष तारा भवाळकर या केवळ सहाव्या.

आता आकड्यांकडे. केंद्र शासनाच्या उच्चशिक्षण सर्वेक्षणानुसार देशात पीएच. डी. साठी नोंदणी केलेल्या स्त्रियांची संख्या २०१४-१५ मध्ये सुमारे ४८ हजार होती, ती २०२१-२२ मध्ये सुमारे ९९ हजार झाली. ही वाढ आनंदाची आहे आणि मेळाव्यांच्या भाषणांतून ती आवर्जून सांगितली जाते. पण हा आकडा नोंदणीचा आहे, हे सांगावयाचे राहून जाते. नोंदणी आणि पदवी यांच्या दरम्यान स्त्रीच्या आयुष्यातील नेमकी ती वर्षे येतात, ज्यांत विवाह, प्रसूती, मुलांचे संगोपन आणि घरातील वृद्धांची शुश्रूषा यांची गर्दी असते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ च्या नियमांत स्त्री-संशोधकांना दोन वर्षांची मुदतवाढ आणि संशोधनकाळात एकदा २४० दिवसांपर्यंत प्रसूती व बालसंगोपन रजा दिली, आणि २०२२ च्या नियमांतही ती कायम ठेवली. ही तरतूद महत्त्वाची आहे. मात्र रजा मान्य होते ती बाळाच्या निमित्ताने. सासूच्या अर्धांगवायूसाठी, स्वतःच्या थकव्यासाठी रजेचा रकाना नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला. आपल्या संशोधक विद्यार्थिनी याच वयोगटातील आहेत. 'विषयात रस राहिला नाही' अशी मार्गदर्शकाची नोंद आपण वाचतो, तेव्हा तिच्यामागे काय असू शकते याचा विचार करण्याचीही आपल्याला सवय नाही.

म्हणून आमची सूचना अशी की, मराठी विभागांनी माजी विद्यार्थिनींच्या मेळाव्याची तयारी दोन नोंदवह्यांपासून करावी : एक नोंदणीची, दुसरी पदवीची. पहिलीत असून दुसरीत नसलेली नावे वेगळी काढावीत आणि निमंत्रण प्रथम त्यांना धाडावे. त्या आल्या तर त्यांचा सत्कार करू नये. शाल-श्रीफळाने संकोच वाढतो, आणि अपुऱ्या कामाचा सत्कार हा एक प्रकारचा उपमर्दच. त्यांना केवळ विचारावे, की काम कोठवर आले होते, साहित्य कोठे आहे, आणि थांबले ते कशाने. पुष्कळदा प्रबंध नसला तरी जमविलेल्या ओव्या, मुलाखती, हस्तलिखितांच्या नकला एखाद्या कपाटात पडून असतात. स्त्रीगीतांच्या संकलनात सरोजिनी बाबर यांनी अथवा जात्यावरच्या ओव्यांच्या बाबतीत हेमा राईरकर आणि गी पॉयत्व्हँ यांनी जे उभे केले, ते गावोगावच्या अनेक हातांनी मिळून उभे राहिले. प्रत्येक अपुरा प्रबंध हा असाच एक हात आहे.

यावर एक आक्षेप अपेक्षित आहे, आणि तो किरकोळ नाही. आजारपण, गर्भपात, घरातील कलह या खाजगी गोष्टी. त्या सभागृहात वदवून घेणे हा विद्यापीठाचा अधिकार नव्हे. हे मान्यच केले पाहिजे. सभागृहात काहीच वदवून घेऊ नये. ज्या लिहून देतील त्यांचे निवेदन नावाविना, त्यांच्या संमतीने, विभागात जतन करावे, आणि ज्या गप्प राहतील त्यांच्या गप्प राहण्यालाही मान द्यावा. पण 'खाजगी' या शब्दाची भीती मराठी स्त्रियांनी आपल्याला फार पूर्वीच दूर करून दिली आहे, याचेही भान असावे. रमाबाई रानडे यांनी १९१० मध्ये 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' लिहिताना इंग्रजी शिकण्यापायी घरातल्या बायकांकडून काय ऐकून घ्यावे लागले, हे लपविले नाही. पुण्याच्या सेवासदनात परिचारिकांचे शिक्षण सुरू करणाऱ्या रमाबाई आणि या आठवणी लिहिणाऱ्या रमाबाई वेगळ्या नव्हत. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' तर रोगराई, देवदैव आणि संसार यांच्या सरमिसळीतूनच घडली. ज्या वाङ्मयाचा आपण अभिमानाने अभ्यासक्रमात समावेश करतो, त्याच जातीचे निवेदन आपल्याच माजी विद्यार्थिनीकडून आले की ते 'तक्रार' ठरावे, ही विसंगती आहे.

या कामास मोठा निधी लागत नाही. परीक्षा विभागाकडील जुन्या वह्या, ग्रंथालयातील एक कपाट, आणि माहेरचे व सासरचे अशी दोन्ही नावे एकाच पत्रकावर लिहून घेण्याची दक्षता एवढे पुरेल. स्मरणिकेत गुणवंतांच्या छायाचित्रांनंतर चार पाने मोकळी ठेवावीत. त्यांवर संशोधकाचे नाव, परवानगी असल्यास, आणि तिने घेतलेला विषय, काम थांबल्याचे वर्ष आणि जमविलेले साहित्य कोठे पाहावयास मिळेल, एवढेच छापावे. पुढील वर्षी त्याच विषयाकडे वळणाऱ्या एखाद्या विद्यार्थिनीला ती चार पाने मार्गदर्शकाच्या आधी हाताशी असतील.