पासिंगपुरते टायर

मैत्रिणींनो, आपल्या विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटी उघडतात. त्याआधीचा महिनाभर तिरोडा-गोंदियाच्या गॅरेजांत पाय ठेवायला जागा नसते. शाळेच्या गाड्या, काळीपिवळ्या, ऑटो, पिकअप सगळ्यांची एकच घाई, पासिंगची! सरकारी कागदावर याला ‘योग्यता प्रमाणपत्राचं नूतनीकरण’ म्हणतात, पण हा शब्द कोणाच्या तोंडी नाही. मुलगी दाखवायची असावी तशी गाडी सजते. रंगाचा हात, नवे रिफ्लेक्टर, पुसून लख्ख केलेली काच. वर्षभर मुका असलेला हॉर्नसुद्धा बोलू लागतो.

आता यात बायकांनी काय लिहायचं, असं वाटेल. पण बोदलकसाचा तलाव बघायला येणारे पाहुणे स्वतःच्या मोटारीने येतात. आम्ही बाजाराला, दवाखान्याला, रोवणीला जातो ते मिळेल त्या गाडीत बसून. आमची पोरंही अशाच गाडीतून शाळेत जातात. तेव्हा पासिंग कसं झालं, हा आमचाच प्रश्न आहे.

नियम फारसा अवघड नाही. भाड्याने चालणाऱ्या गाडीला आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी पासिंग करावं लागतं. घरच्या मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, नंतर दर पाच वर्षांनी तपासणी. आपल्याकडे भाड्याच्या बऱ्याच गाड्या आठ वर्षं केव्हाच ओलांडून गेलेल्या असतात. भाड्याच्या गाडीचं प्रमाणपत्र संपलं, की कायद्याच्या दृष्टीने तिची नोंदणीच वैध राहत नाही. अशा वेळी अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू बघते आणि जखमी बाई कोर्टाच्या तारखा मोजत बसते.

एका काळीपिवळीवाल्या दादाला मी विचारलं, “टायर तर नवे होते ना रे परवा?” तो हसून म्हणाला, “ते पासिंगपुरते आणले होते काकू, देऊन टाकले वापस.” त्याला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मला तर हीच खरी दुखरी नस वाटते. एका दिवसासाठी टायर आणायचे आणि उरलेले तीनशे चौसष्ट दिवस गुळगुळीत रबरावर दहा-बारा जणींना बसवायचं! समृद्धी महामार्गावर २०२३ मध्ये परिवहन खात्याने झिजलेल्या टायरच्या गाड्या तपासून अडवायला सुरुवात केली. गावाकडच्या रस्त्यावर कोण अडवणार?

तपासणाऱ्यांचीही बाजू काही स्वच्छ नव्हती. पुण्याच्या श्रीकांत कर्वे यांनी २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. नीट तपासणी न करताच गाड्यांना प्रमाणपत्रं मिळतात, अशी त्यांची तक्रार होती. त्यातून ब्रेकची चाचणी २५० मीटरच्या ट्रॅकवर घेण्याचा आदेश आला आणि २०१८ मध्ये काही आरटीओ अधिकारी निलंबितही झाले. आता तर यंत्राने तपासणी करणारी केंद्रं येत आहेत. यंत्राशी ओळख काढता येत नाही, हे चांगलंच. पण केंद्र दूर असेल तर डिझेल आणि बुडालेली दिवसाची कमाई गाडीवाल्याच्याच माथी.

पैशांवरून भांडण झालं ते २०२४ मध्ये. पासिंगला उशीर झाला तर दिवसाला ५० रुपये, हा केंद्राचा जुना नियम राज्यात लागू करायचं ठरलं. हिशेब करा, चार महिने उशीर म्हणजे सहा हजार, वर्षभर म्हणजे १८ हजार २५०! ऑटो आणि टॅक्सीवाले रस्त्यावर उतरले आणि जुलैत राज्य सरकारने वसुलीला स्थगिती दिली. पुढे २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्राने जुन्या गाड्यांचं तपासणी शुल्क वाढवलं. दिवसाला ५० रुपये गरिबाला जाचकच होते, यात शंका नाही. पण तेव्हाच्या आरडाओरड्यात मुदत संपलेल्या गाडीत बसलेल्या बाईचा विचार कोणी केल्याचं मला आठवत नाही.

शेवटी हा पैसा येतो कुठून? आमच्या बचत गटात कर्जाचं कारण म्हणून बियाणं, शाळेचा खर्च यांच्या जोडीला ‘गाडीचं पासिंग’ लिहिलेलं असतं. विमा, टॅक्स, पीयूसी, थकलेलं चलान, टायर असं सगळं एकाच महिन्यात येतं, तेही धानाचे पऱ्हे टाकायच्या वेळी. मग नवऱ्याची गाडी पास व्हावी म्हणून बायको अंगठा देते. ज्यांच्या घरी गाडी आहे त्यांनी प्रमाणपत्राची तारीख कॅलेंडरवर लिहावी आणि दरमहा थोडे पैसे वेगळे काढावेत. ब्रेक, स्टिअरिंग, दिवे, वायपर महिनाभर आधी दाखवून घ्यावेत. नंबरप्लेटही बघावी, २०१९ च्या एप्रिलआधीच्या गाडीला नवी सुरक्षा प्लेट लागते.

टायर तर आपल्यालाही तपासता येतो, बरं का! त्याच्या खाचेत बारीक उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं की टायर बाद. चारचाकीला खाच किमान १.६ मिलिमीटर हवी, ऑटोला ०.८. एकाच कडेने झिजला असेल तर चाकांची ठेवण बिघडली समजा.

२९ नोव्हेंबर २०२४ ला आपल्याच जिल्ह्यात गोंदिया-कोहमारा रस्त्यावर शिवशाही बस उलटून अकरा जण गेले. तिथे कारण दुचाकीला चुकवण्याचं सांगितलं गेलं, गाडीच्या तपासणीचं नव्हे. पण तेव्हापासून गटातल्या बायका गाडीत बसण्याआधी चाकाकडे बघतात. गाडीवाले चिडतात, चिडू देत.

शाळेच्या गाडीबाबत तर आपल्याला बोलायची सोयच आहे. राज्याच्या २०११ च्या नियमांनुसार प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती हवी आणि तिच्यात पालकांचा प्रतिनिधी हवा. बऱ्याच ठिकाणी ती कागदावरच असते. शाळा उघडल्यावर पहिल्याच पालकसभेत विचारा, समितीत कोण आहे, बैठक कधी झाली, गाडीचं प्रमाणपत्र कुठवर आहे. उत्तर नाही मिळालं तर मोबाइलवर एम-परिवहन अ‍ॅपमध्ये गाडीचा एमएच ३५ चा नंबर टाका, तारीख समोर येते. वाचता येत नसेल त्या मावशीने नातीला सांगावं.