फाटक किती वाजता उघडते?

बारावीचा निकाल लागला की आमच्या आर्णीत मुलाबद्दल विचारतात, "कुठं टाकता?" मुलीबद्दल विचारतात, "कुठवर जाऊ देता?" यवतमाळ चाळीसेक किलोमीटर, एस.टी.ने जाऊन-येऊन, तिथवर परवानगी. अमरावती म्हणजे वसतिगृह, म्हणजे घरात आठ दिवस वाद. २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धे तिकीट झाले, पण वाद तिकिटाचा नव्हताच.

यंदा हा वाद माझ्या शेजारी झाला. मुलगी पाच हजार मीटर धावते. तिला अमरावतीला जायचे आहे, कारण तिथे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे, १९१४ पासूनचे, आणि त्यांचे शारीरिक शिक्षण महाविद्यालय. वडील म्हणाले, "मॅडम, पोरगी धावते ते भरतीसाठी. भरतीले आठशे मीटर लागते. त्याच्यासाठी अमरावती कायले पायजे?"

आठशेचा आकडा काही त्यांनी काढलेला नाही. राज्याच्या पोलीस शिपाई भरतीत मुलगे १६०० मीटर धावतात, मुली ८००. शरीर वेगळे म्हणून वेळ वेगळी लावा, समजू शकते. अंतर अर्धे कशासाठी? ही अर्ध्याची सवय जुनी आहे. १९२८ च्या अॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये बायका पहिल्यांदा ८०० मीटर धावल्या. शर्यत संपल्यावर काही जणी दमून खाली बसल्या, तसे पुरुषही बसतात. पण वर्तमानपत्रांनी गहजब केला आणि १९६० पर्यंत ऑलिंपिकमध्ये बायकांना २०० मीटरहून लांबची शर्यतच ठेवली नाही. मॅरेथॉन मिळाली १९८४ साली. जागतिक क्रॉसकंट्रीत पुरुषांएवढे अंतर मिळायला २०१७ उजाडले. या सगळ्या काळात आमच्या बायका डोक्यावर पाणी आणि सरपण घेऊन किती चालल्या, ते मोजायला कोणी घड्याळ घेऊन उभे नव्हते.

तर कॉलेज निवडण्याबद्दल. माहितीपत्रकात ट्रॅक असतो, व्यायामशाळा असते, पदकवाल्या मुलींच्या मधोमध प्राचार्य असतात. मुलगी, तिची आई आणि मी, तिघी एका शहरात असेच एक कॉलेज पाहायला गेलो. नाव लिहीत नाही, कारण हा एका कॉलेजचा प्रश्न नाही. मैदान खरोखर छान. मी विचारले, मुलींच्या वसतिगृहाचे फाटक सकाळी किती वाजता उघडते? "सहाला." आणि मुलांचे? रेक्टरबाई नुसत्या हसल्या. फाटक तिकडेही होते, पण त्याला कुलूप नव्हते.

विदर्भातला मे महिना ज्यांनी सोसला आहे त्यांना सांगायला नको. पारा ४४-४५ वर जातो त्या दिवसांत लांब पल्ल्याचा सराव पहाटे साडेचारला सुरू करून ऊन चढायच्या आत संपवावा लागतो. संध्याकाळी म्हणाल, तर सातला हजेरी. म्हणजे ट्रॅक मुलांसाठी आहे आणि मुलींना त्याचा फोटो पाहायला मिळतो.

"त्यांच्या सुरक्षेसाठीच आहे हो," बाई म्हणाल्या. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या लैंगिक छळविरोधी नियमावलीत लिहिले आहे की सुरक्षेचे कारण सांगून मुलींच्या वसतिगृहांना मुलांच्या तुलनेत भेदभावाचे नियम लावू नयेत. त्याच वर्षी दिल्लीच्या मुली 'पिंजरा तोड' म्हणत याच कुलपांविरुद्ध रस्त्यावर आल्या. नियम कागदावर आहे, कुलूप फाटकावर आहे. सुरक्षा आम्हालाही हवी. मैदानावर दिवे लावा, पहाटे एखादी महिला रखवालदार नेमा, प्रशिक्षकाला वेळेवर हजर राहायला सांगा. याला पैसा लागतो. कुलूप स्वस्त पडते, आणि पालकांना तेच दाखवून प्रवेश मिळवता येतात. परतताना मुलीची आई मला हळूच म्हणाली, "तिच्या बापाले फाटकाचं सांगू नका. त्यायले बरंच वाटन."

यावर लोक मला कविता राऊतचे नाव ऐकवतात. सावरपाड्यासारख्या पाड्यातली मुलगी पुढे जाते, मग तुमचे काय अडते? अहो, पण ती पुढे गेली कशी? नाशिकला आली, विजेंदर सिंग यांच्यासारखे प्रशिक्षक मिळाले, रोजचा सराव मिळाला. तेव्हा २०१० साली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरचे कांस्य आणि आशियाई स्पर्धेत रौप्य आले. माणमधल्या मोहीची ललिता बाबर २०१६ ला रिओत स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहावी आली. तिचेही कौतुक करताना आपण दुष्काळाचेच बोलतो, जणू गरिबीनेच मुली वेगवान होतात! तसे असते तर यवतमाळ जिल्ह्यात पदके ठेवायला जागा उरली नसती.

मैत्रिणींनो, प्रवेशाला जाल तेव्हा फी आणि शाखेआधी तीन गोष्टी विचारा: फाटक किती वाजता उघडते, मुलींना शिकवणारा प्रशिक्षक कोण, आणि स्पर्धेला गेलेल्या दिवसांची हजेरी लागते का. तोंडी उत्तर घेऊ नका. आम्ही आर्णीहून तीन महाविद्यालयांना असा लेखी अर्ज दिला आहे. एकाचेच उत्तर आले: मुलगी पहाटे बाहेर जाणार असल्यास वडिलांचे हमीपत्र आणावे. मुलांच्या वडिलांकडूनही ते घेता का, असे आम्ही उलट टपाली विचारले आहे.