फेटा फोटोपुरता, हेल्मेट डोक्याला

तुळशीचं लग्न लागलं की आपल्याकडे घोड्यांचा मोसम सुरू होतो. आधी वराती, मग दत्तजयंतीला तापीकाठचा सारंगखेड्याचा बाजार, त्यामागोमाग मार्गशीर्ष वद्यात माळेगावच्या खंडोबाची यात्रा. अशा एखाद्या बाजारातून कुणाच्या तरी शेतावर नवी घोडी येते आणि गावातल्या पाच-सहा पोरापोरींना एकदम घोडेस्वारी शिकायची हुक्की येते. चांगलंच आहे की! पांघरुणात मोबाइल घेऊन लोळण्यापेक्षा पहाटे उठून घोडीला खरारा केलेला कधीही बरा.

पण पहिल्या दिवशी ही मंडळी काय घालून येतात ते बघा. अंगात चेन उघडी टाकलेलं लेदर जॅकेट, गळ्यात वाऱ्यावर उडणारा मफलर, डोळ्यांवर गॉगल, पायात जाड तळाचे स्पोर्ट्स शूज आणि डोक्याला कडक फेटा. रील झकास होते, वादच नाही. पण यातली एकही वस्तू घोड्यावर कामाची नाही, आणि दोन-तीन तर सरळ घातक आहेत.

माझं म्हणणं थोडक्यात असं : थंडीत घोड्यावर बसायला शिकताना पैसे फक्त दोनच गोष्टींवर खर्च करा, डोकं आणि पाय. बाकीचं सगळं तुमच्या घरातल्या कपाटात आहे.

थंडी आपली, सल्ला परका

‘हिवाळ्यात रायडिंगला काय घालावं’ असं शोधलं की इंग्लंड-अमेरिकेचे व्हिडिओ समोर येतात. तिथली माणसं सांगतात, रजईसारखं जॅकेट घ्या, आतून लोकर लावलेली पॅन्ट घ्या, बर्फात चालणारे बूट घ्या. त्यांचं बरोबरच आहे. त्यांच्याकडे दुपारीही गारठा असतो.

आपलं तसं नाही. केदारखेड्यात पूर्णेच्या काठी पहाटे सहाला दात वाजतात. थंडीची लाट आली की आपल्या भागात पारा १० अंशांच्या खाली जातो. पण तोच पारा दुपारी २८-३० पर्यंत चढतो. साडेआठ-नऊला ऊन लागलं की सकाळचं स्वेटर नकोसं होतं. म्हणजे आपल्याला एक जाडजूड कपडा नको, काढता-घालता येतील असे दोन-तीन पातळ कपडे हवेत.

त्यात नवशिक्याची आणखी एक गंमत असते. पहिली दहा-पंधरा मिनिटं घोडी नुसती चालत असते, तेव्हा तुम्ही गारठता. मग ती दुडक्या चालीवर येते आणि तोल सांभाळता सांभाळता तुम्हाला घाम फुटतो. मग गुरुजी थांबवून चुका सांगतात, तेवढ्यात त्या ओल्या अंगावर वारा लागतो आणि हुडहुडी भरते. खरी थंडी बाधते ती इथे. म्हणून घाम धरून ठेवणारा जाड सुती बनियन आत नको. खेळाचा पातळ, लवकर वाळणारा टी-शर्ट आत, त्यावर अंगाबरोबर बसणारं लोकरीचं स्वेटर, आणि वारा फारच असेल तर वरून कमरेपर्यंतचं बिनबाह्यांचं जॅकेट. झालं. तीनच्या वर कपडे म्हणजे खोगीरभरती. हात हलत नाहीत, कंबर वळत नाही, आणि घोड्यावर तर सगळा खेळ कंबरेचाच असतो.

एक नियम मात्र पाठ करा : घोड्यावर बसलेलं असताना स्वेटर काढायचं नाही. डोक्यातून स्वेटर ओढताना दोन्ही हात अडकलेले, डोळे झाकलेले, लगाम सुटलेला. नेमकी तेव्हाच घोडी बिचकली तर? उतरा, लगाम दुसऱ्याच्या हातात द्या, मग काढा. वरचा कपडा चेनचा असेल तर आणखी सोपं. आणि ती चेन घोड्यावर असताना लावलेलीच हवी. फडफडणारं जॅकेट किंवा करकर वाजणारं विंडचीटर घोड्याला आवडत नाही. थंड सकाळी तो आधीच अंगात वारं शिरल्यासारखा असतो, त्यात तुम्ही भर कशाला घालता?

गमबूट आणि असईची लढाई

पायांबद्दल सांगायचं तर आपल्याच जिल्ह्यातून सुरुवात करावी लागेल. २३ सप्टेंबर १८०३ रोजी केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात असईची लढाई झाली. इंग्रजांचा सेनापती होता आर्थर वेलस्ली. त्या दिवशी त्याच्या मांडीखालचा एक घोडा ठार झाला, दुसऱ्याला भाला लागला. हाच माणूस पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. लंडनमधल्या हॉबी नावाच्या बूटवाल्याकडून त्यानं आपल्या सोयीचे बूट करवून घेतले : मऊ कातड्याचे, पायाला बेताचे बसणारे, कमी टाचेचे. लोकांनी त्यांना त्याचंच नाव दिलं. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तसेच बूट रबरात निघाले. इंग्लंडमध्ये त्यांना आजही वेलिंग्टन म्हणतात. आपण रात्री गव्हाला पाणी द्यायला जे घालून जातो, तेच हे गमबूट.

हे सांगायचं कारण असं, की नाव घोडेस्वाराचं असलं तरी रबरी गमबूट घोड्यावर चालत नाही. त्याचा तळ जाड आणि खाचांचा असतो. चिखलात तो पकड देतो, पण रिकिबीतही तशीच पकड धरतो. पडताना पाय सुटला नाही तर घोडा तुम्हाला फरफटत नेतो. नवशिक्याला सगळ्यात मोठा धोका पडण्याचा नसतो, पडून अडकण्याचा असतो. स्पोर्ट्स शूजचं उलटं आहे. त्यांना टाच नसते, त्यामुळे अख्खा पाऊल रिकिबीतून आरपार जाऊ शकतो. चप्पल आणि पायताणाबद्दल तर बोलायलाच नको.

मग काय घालायचं? घोट्याच्या वरपर्यंत येणारा, गुळगुळीत तळाचा, साधारण एक इंच टाचेचा साधा कातडी बूट. महागडा लागत नाही. ओळखीच्या चांभारकाकांना सांगितलं तर जुन्या बुटाला नीट टाच बसवून देतील. बूट रिकिबीत घालून बघा, दोन्ही बाजूंना बोटभर मोकळी जागा राहिली पाहिजे. आणि पाय गारठतात म्हणून दोन-दोन जाड मोजे घालू नका. बूट घट्ट झाला की रक्त नीट फिरत नाही, आणि पाय आणखीच गार पडतात. एकच लोकरीचा मोजा, पण गुडघ्याखालपर्यंत येणारा, घ्या. रिकिबीच्या वादीनं पोटरी सोलवटत नाही, हा वरचा फायदा.

जीन्स नको, चुडीदार चालेल

मांड्यांचं दुखणं नवशिक्यालाच ठाऊक. जीन्सची आतली जाड शिवण जिनावर घासून घासून मांडी लाल होते. शिवाय दवात भिजलेली जीन्स लवकर वाळत नाही. आपल्याकडे याचं उत्तर कधीचं आहे. जोधपूरचे सर प्रतापसिंह १८९७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या हीरकमहोत्सवासाठी इंग्लंडला गेले, तेव्हा त्यांच्या पथकाच्या विजारी तिकडे भलत्याच गाजल्या. मांडीला सैल, गुडघ्याखाली तंग. त्याच त्या ‘जोधपूर’. जगभरच्या स्वारांनी जो कपडा उचलला तो चुडीदाराचाच भाऊ आहे, आणि आपण मात्र तो इंग्रजी नावाच्या वेबसाइटवरून मागवतो!

तेव्हा जाड ताणदार लेगिंग किंवा घट्ट ट्रॅकपॅन्ट पुरे. थंडी जास्त असेल तर आतून थर्मल. पायाचा घेर मात्र लोंबता नको.

मुलींबद्दल मुद्दाम लिहितो. ‘घोड्यावर बसायला तसले कपडे घालावे लागतात’ हे कारण सांगून कितीतरी घरांत पोरीला नाही म्हणतात. अहो, लेगिंग आणि मांडीपर्यंतचा, दोन्ही बाजूंना चिरलेला कुर्ता हा घोडेस्वारीचा उत्तम पोशाख आहे. नऊवारीचा काष्टासुद्धा मुळात पाय मोकळे ठेवणाराच. ओढणी तेवढी घरी ठेवा. केस मानेजवळ खाली बांधा, डोक्यावर अंबाडा किंवा क्लचर असेल तर हेल्मेट बसत नाही. झुमके, अंगठ्या, गळ्यातली साखळीही काढून ठेवा, आणि हे मुलांनाही लागू आहे. पोरीच्या कपड्यांवर नजर ठेवणाऱ्या घरानं तिच्या डोक्यावर हेल्मेट आहे का एवढं बघावं, बाकी ती सांभाळते.

हात, कान, गळा

लगाम गार पडलेल्या बोटांत नीट कळत नाही. पण लोकरीचे हातमोजे कातडी लगामावरून सटकतात. तळव्याला पकड असलेले पातळ हातमोजे घ्या, सायकलवाल्यांचे पूर्ण बोटांचे चालतात. कानांसाठी माकडटोपी नको. हेल्मेटच्या आत जाड टोपी घातली की हेल्मेट डोक्यावर बसत नाही, तरंगतं. कानावरून जाणारी पातळ पट्टी पुरते. मफलरही नको, त्याचं टोक कशात अडकेल सांगता येत नाही. उंच गळ्याचं स्वेटर घाला, किंवा नळीसारखं गळ्यात बसणारं कापड.

आणि धुक्यात रस्त्याच्या कडेनं जाणार असाल तर काळे कपडे टाळा. जालना-भोकरदन रस्त्यावर पहाटे उसाचे ट्रॅक्टर, कापसाच्या गाड्या सुरू झालेल्या असतात. चमकत्या पट्ट्यांचं जाकीट वरून चढवा. खरं तर पहिले महिनाभर रस्त्यावर जाऊच नका, नांगरलेलं रान बरं.

आजोबा फेटा बांधायचे की!

आता मुख्य गोष्ट. हेल्मेट म्हटलं की लगेच उत्तर येतं : ‘आमचे आजोबा फेटा बांधून घोडी पळवायचे, त्यांना कुठे काय झालं?’ दोन गोष्टी लक्षात घ्या. एक तर आजोबांची मांड लहानपणापासून पक्की झालेली होती, तुमचा आज तिसरा दिवस आहे. आणि दुसरं, ज्या इतिहासाचा आपल्याला अभिमान आहे त्यात लढाईवर निघालेला सरदार डोक्याला लोखंडी शिरस्त्राण घालायचा. फेट्याची शान आहेच. पण तो मिरवणुकीचा मान आहे, पडण्यापासूनचं संरक्षण नाही.

हिशेब साधा आहे. घोडेबाजारात उंची इंचात सांगतात. साठ इंची घोडी म्हणजे खांद्याशी पाच फूट. त्यावर तुम्ही बसलात की तुमचं डोकं जमिनीपासून आठ फुटांवर. तिथून टणक रानात डोक्यावर पडणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. आणि थंड सकाळी घोडं जास्त उधळतं, कारण रात्रभर बांधलेल्या जनावराला पाय मोकळे करायचे असतात.

‘मोटारसायकलचं हेल्मेट आहे ना’ हाही तोडगा नाही. ते जड असतं, मानेवर ओझं येतं, कान झाकल्यानं शिकवणाऱ्याचं ऐकू येत नाही. क्रिकेटचं हेल्मेट चेंडूसाठी असतं. घोडेस्वारीचं हेल्मेट वेगळं मिळतं. आतल्या चिठ्ठीवर ‘एएसटीएम एफ ११६३’ किंवा ‘पीएएस ०१५’ असं लिहिलेलं बघून घ्या. नुसती मखमल लावलेली टोपी ही शोभेची वस्तू आहे. हनुवटीचा पट्टा लावून मान जोरात हलवा, हेल्मेट जागचं हललं नाही पाहिजे. आणि एकदा जोरात आपटलं की ते बाद समजा, वरून धड दिसलं तरी.

हेल्मेट कुणी आणायचं?

माझ्या मते हा प्रश्न एकट्या शिकणाऱ्याचा नाही. गावात रायडिंग क्लब नसतो. शिकवणारे असतात वरातीची घोडी ठेवणारे काका, नाहीतर हौसेनं घोडा पाळणारा एखादा शेतकरी. दोघंही जनावराच्या खुराकाला, नालांना, खोगिराला, झुलीला, गोंड्यांना हात आखडत नाहीत. मग पागेत वेगवेगळ्या मापाची तीन-चार हेल्मेट टांगायला काय हरकत आहे? जसं खोगीर शिकणाऱ्यानं घरून आणायचं नसतं, तसंच हेल्मेटही. यात्रेत लहान पोरांना पैसे घेऊन फेरी मारून आणणाऱ्यांनाही हाच नियम हवा, आणि यात्रा भरवणाऱ्यांनी तो परवानगीतच घालायला हवा.

तोवर नियम तुमच्या हातात आहे. ‘काका, हेल्मेट आहे का?’ एवढं विचारा. नाही म्हणाले तर त्या दिवशी नुसता खरारा करा, घोडीला पाण्यावर न्या, तिची ओळख करून घ्या. चार जणांत वर्गणी काढून एक हेल्मेट आणा आणि आलटून पालटून घाला. फेटाही बांधा की, आमचं काही म्हणणं नाही. घोडीवरून खाली उतरलात, तिच्या मानेवर हात ठेवून उभे राहिलात, की बांधा. तो फोटो जास्त चांगला येतो.