मेंढी कुणी चोरली?

१५ जुलै २०२४ ची सकाळ. पन्हाळ्यावर धुकं इतकं, की समोरची एसटी दिसत नव्हती. आदल्या दिवशी विशाळगडाच्या वाटेवर, गजापुरात, जमावाने मुसलमानांची घरं फोडली होती, मशिदीचीही नासधूस केली होती. चहाच्या गाड्यावर ओळखीचे एक काका जवळ येऊन म्हणाले, "लई वाईट झालं बघ तुमच्या लोकांचं." त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. तरी तो 'तुमच्या' मला दिवसभर टोचत राहिला.

तेव्हा मी प्राचीन चीनचे विचारवंत वाचत होतो. योगायोगच. 'आपलं कोण' यावरून त्यांच्यात केवढं भांडण आहे, हे त्या आठवड्यात नीट कळलं.

कन्फ्यूशियसला (इ.स.पू. ५५१-४७९) एक सरदार अभिमानाने सांगतो, आमच्याकडचा एक माणूस इतका सरळ, की बापाने मेंढी चोरल्यावर त्याने बापाविरुद्ध साक्ष दिली. कन्फ्यूशियस म्हणतो, आमच्याकडचा सरळपणा वेगळा. बाप मुलाला झाकतो, मुलगा बापाला. माया घरातून सुरू व्हावी आणि मग बाहेर पसरावी, हे पुढे मेन्शियसने मांडलं. मीही तसाच जगतो. अम्मीचं दुखणं आणि अनोळखी बाईचं दुखणं मला सारखं वाटत नाही. सारखं वाटतं म्हणणाऱ्यावर माझा विश्वास बसत नाही.

पण त्या जमावातही कुणाची तरी पोरं होतीच ना? रात्री घरी आल्यावर त्यांना जेवायला वाढलं असेल. कुणी विचारलंच तर, 'आमचा तिकडं गेलाच नव्हता.' इथं मला कायदेवादी बरे वाटतात. युवराजाने कायदा मोडला तेव्हा शांग यांगने त्याच्या गुरूंना शिक्षा दिली. पण त्यांचा कायदा राजाचं बळ वाढवण्यासाठी होता. त्यावर उभं राहिलेलं चिन साम्राज्य पंधराएक वर्षांत कोसळलं.

लाओत्सेचं सुखी गाव असं, की शेजारगावचा कोंबडा ऐकू येतो, पण मरेपर्यंत कुणी तिकडं जात नाही. त्या आठवड्यात आम्ही बहुतेक जण त्याच गावात राहत होतो.

मी रेंगाळलो मोझीपाशी. वेढा पडलेल्या गावांचं रक्षण कसं करावं, हे शिकवणारा हा माणूस. १६६० चा सिद्दी जौहरचा वेढा सोसलेल्या गडावर राहणाऱ्याला तो लगेच जवळचा वाटतो. दुसऱ्याचं घर आपलंच समजलात तर ते फोडणार कोण, हा त्याचा प्रश्न. मेन्शियस चिडला, असं मानणं म्हणजे बापाला बाप न मानणं. मला दोघांचंही अर्धं अर्धं पटतं. पण मोझी नुसता बोलत बसला नाही. बलाढ्य चू छोट्या सोंगवर चालून जाणार हे कळताच तो दहा दिवस, दहा रात्री चालत चूच्या राजधानीत गेला. तिथल्या यंत्रकारासमोर त्याने कमरेच्या पट्ट्याचा तट मांडला. यंत्रकाराने नऊ वेळा हल्ला रचला, मोझीने नऊ वेळा परतवला. वर सांगितलं, माझे तीनशे शिष्य सोंगच्या तटावर आधीच उभे आहेत. स्वारी रद्द झाली.

काकांकडून मला एवढं नको होतं. 'आपल्या लोकांचं' म्हणाले असते तर पुरलं असतं. पण मीही दूरच्या कुठल्या हिंदू घराला आग लागल्याची बातमी वाचून पान उलटलेलं आहे. ते मी काकांना कधी सांगितलं नव्हतं.

परवा भर पावसात आम्ही दोघं तीन दरवाजाच्या आडोशाला उभे होतो. तेव्हा ते सांगितलं, आणि मोझीच्या गोष्टीचा शेवटही. चूहून परतताना तो सोंगमधून जात होता. पाऊस लागला. वेशीखाली आडोसा मागितला, तर पहारेकऱ्याने त्याला आत घेतलं नाही.

काका बराच वेळ पावसाकडं बघत राहिले. मग म्हणाले, "त्याला म्हाईत नसंल रं, कोण आलंय ते."