लाकडी घर विकताना ऐबही सांगावा

चाकण, महाळुंगे, भोसरीच्या कारखान्यांत परदेशातून यंत्रे येतात ती पाईनच्या खोक्यांतून. ही खोकी भंगारात घेणारे पुष्कळसे आपलेच बांधव. खिळे काढायचे, फळ्या रंधायच्या, टेबल-पलंग करायचे, उरलेले जळणाला. आता लोणावळा, कामशेत, पवना बाजूला फार्महाऊसवाले लाकडी घरे मागतात, काहींना तर अख्ख्या ओंडक्यांची हवीत. हे काम आपल्या सुतारांनी धरावे असे आम्हाला वाटते, पण माल खरा सांगून.

खोक्यावर 'एचटी' शिक्का असतो. लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सिअसला किमान 30 मिनिटे तापवले, आतली कीड मेली, एवढाच त्याचा अर्थ. पुढे वाळवी लागणार नाही अशी हमी त्यात नाही. 'एमबी' म्हणजे मिथाईल ब्रोमाईडची धुरी. तसले लाकूड राहत्या घरात आम्ही तरी घालणार नाही. आणि पाईनला सागवान म्हणून विकणे ही सरळ फसवणूक आहे, मग पॉलिश कितीही चढवा! बोरॅक्स आणि बोरिक ऍसिडचे पाणी मुरवले तर कीड दूर राहते. मात्र उघड्या पावसात ते धुऊन जाते, म्हणून वरून तेल किंवा रंग हवाच.

आम्ही कापडवाले. कोरे कापड धुण्यात आटते हे कात्री लावण्याआधी सांगतो. ओला ओंडकाही सुकताना आटतो आणि भिंत खाली बसते. दार-खिडकीच्या चौकटीवर फट सोडली नाही तर दार अडकणारच. लोणावळ्यात वर्षाला सुमारे 4,000 मिलिमीटर पाऊस. तिथे चौथरा दगडी व उंच हवा, छप्पर इतके पुढे की पागोळ्या भिंतीपासून लांब पडाव्यात. कोकणात लाकडाला काजूच्या टरफलांचे तेल लावीत ते उगीच नव्हे.

बांधणीचा पैसा एकदाच मिळतो, देखभालीचा दरवर्षी. पावसाळ्यापूर्वी तेल, फटी बुजवणे, वाळवीची तपासणी, असा वार्षिक करार घर देतानाच करावा, तोही लेखी. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम सूरह बकराच्या 282 व्या आयतीत आहे. आपण मात्र लग्नपत्रिकेच्या पाठीवर आकडे मांडतो.

अडचण जागेची आहे. फेब्रुवारी 2025 मध्ये महापालिकेने कुदळवाडीतील गोदामे आणि शेड मोठ्या प्रमाणावर पाडली. लाकूड सुकवायला कोरडी, हवेशीर जागा लागते, ती एकट्याला परवडत नाही. पाच-सहा कारागिरांनी मिळून रीतसर परवान्याची, आग विझवण्याची सोय असलेली शेड भाड्याने घ्यावी, रंधा मशीनही भागीदारीत आणावी. व्याजाचे कर्जही त्याने टळेल.